डॉक्टर भस्मासुराच्या रिळाचा डबा

मी, चुडामण दगा महाजन, वय बहात्तर, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, कागद गिरणीतला निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. ‘डॉक्टर भस्मासूर’ या भुताच्या सिनेमात मी वेडा शास्त्रज्ञ होतो, म्हणून कोणी माझ्या शुद्धीवर शंका घेईल, तर त्याने आधी तो सिनेमा बघावा. वेडाचं सोंग इतकं चोख वठवायला माणूस शहाणाच लागतो.

१. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा योगेंद्र याला. बँकेतली शिल्लक त्याने आणि सूनबाई तृप्तीने निम्मी-निम्मी घ्यावी. यात वाद नाही, कोणी काढूही नये.

२. पाने, हातोडे, ड्रिल मशीन कौतिकला. सिनेमात तो माझा कुबडा नोकर होता. कुबडासाठी आमच्या घरची उशी नेली, ती अजून परत आलेली नाही. आता तीही त्याचीच.

३. प्रयोगशाळेचं सामान, म्हणजे लोणच्याच्या बरण्या, ज्याने मी वीज पाडत असे तो भंगारातल्या यंत्रमागाचा दांडा आणि गुरांच्या डॉक्टरांचा जुना पांढरा कोट, हे गजाननच्या सिंधीपुऱ्यातल्या फोटो स्टुडिओला. गजानन आमचा दिग्दर्शक. निंबोला गावातल्या केळी पिकवायच्या खोलीत त्याने सगळं शूटिंग उरकलं. धुरासाठी गोवऱ्या पेटवायचा. खोकला माझा, कौतुक त्याचं. वर पडद्यावरचं गडगडाटी हसणं आपलं आहे असं गावभर सांगतो. ते हसणं माझं आहे आणि मी ते कोणाच्याही नावे करत नाही.

४. सिनेमाची एकच प्रत आहे. तिच्या रिळाचा डबा तृप्तीला. योगेंद्रला नाही, कारण तो डबा माझ्या चितेवर ठेवीन असं त्याने मला तोंडावर सांगितलं आहे.

प्रेताच्या कामाला कोणी बाई मिळेना, तेव्हा माझी बायको मालू तयार झाली. भूमिका विधवेची. गजानन म्हणाला, “वहिनी, मंगळसूत्र उतरवा.” ती म्हणाली, “मरायले सांगा भाऊ, मरते मी. पण गळ्यातली पोत नही काढणार.” पोतीसकट मेली. पुढच्या वर्षी काविळीने खरोखर गेली. योगेंद्र तेव्हा नुकता चालायला लागला होता. सवाशीण पांढऱ्या चादरीखाली निजली म्हणून यमाने बोट ठेवलं, असं माझ्या आईने ठरवून टाकलं, आणि पोर तेच ऐकत वाढलं. “आबा, तुमी आईले खोटं मारलं, म्हणून ती खरी मेली,” असं तो आजही म्हणतो. सिनेमा त्याने कधीच पाहिला नाही. म्हणजे आईला हलताना, बघतानाही पाहिलं नाही. हे मला फार लागतं.

५. माझं सुतक फिटेल त्या गंधमुक्तीच्या दिवशी, पंगती उठल्यावर, तृप्तीने दारं लावून भिंतीवर सिनेमा लावावा आणि योगेंद्रला समोर बसवावं. प्रोजेक्टर चालू आहे.

योगेंद्र, आता तुझ्याशी बोलतो. मी दांडा ओढायचा, वीज चमकायची, मग प्रेताने हळूच डोळे उघडायचे, असं ठरलं होतं. मी दांड्याला हात लावण्याआधीच तुझी आई ताडकन उठून बसली आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे बघू लागली. गजाननने कपाळ बडवलं, पण फिल्म संपली होती, तेच ठेवलं. टॉकीजमध्ये लोक ओरडले, “अबे, बिजली से पहले ही उठ गई!” कॅमेऱ्यामागे झोळीत तू होतास. तू रडायला लागलास, म्हणून ती उठली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर खाली सही केली.

सही: चुडामण दगा महाजन
साक्षीदार: भाईदास रामदास चौधरी (सही), रंजिता दीपक पाटील (सही)
बुऱ्हाणपूर, ११ मार्च २०२५