पिंपातलं सौंदर्यशास्त्र

१४ जानेवारी १८८४, माइन्झ
ग्रंथ पूर्ण. ‘संगीतात भावना नसते.’ परिच्छेद २१४. विद्यापीठाची पायरी न चढता, वजनमापं तपासण्याच्या नोकरीतून उरलेल्या वेळात. सिद्धांत: सूर म्हणजे मोजता येणारी हवा. गाणं ऐकून रडणाऱ्याला कान नसतात, नुसते डोळे असतात.
बायकोला, अपोलोनियाला, वाचून दाखवला. चौथ्या परिच्छेदाला घोरू लागली. तेही बेताल.

१७ जानेवारी
नगर संगीत मंडळाने मला दोनदा नाकारलंय. मतपेटीत नकाराची एक जरी काळी गोळी निघाली तरी अर्ज बाद. पहिल्यांदा एकोणीस निघाल्या, दुसऱ्यांदा बावीस. म्हणजे मत्सर वाढतोय. तिसरा अर्ज शेवटचा, असा नियम. म्हणून आधी व्याख्यान द्यायचं, मग मतदान.

२१ जानेवारी
चिटणीस त्सिमर्ले म्हणाले, अहो या की, नऊ फेब्रुवारीची बैठक तुमचीच! ती कार्निव्हलची, म्हणजे सोंगांच्या सणाची बैठक. घुंगरांच्या टोप्या घातलेले वकील आणि पिंपात उभं राहून थट्टा करणारे दारूविके. शी! पण माणसं चारशे. हसायला येतील, विचार करत जातील.
अटी लेखी दिल्या. टोपी घालणार नाही. पिंपात उभा राहणार नाही. तिथे विनोदानंतर वाजवतात तसं वाक्यावाक्याला ट्रम्पेट नको. त्सिमर्लेंनी वाचून डोळे पुसले नि माझी पाठ थोपटली. म्हणजे मान्य.

३० जानेवारी
प्रयोग ठरला. दफनाच्या वेळी चर्चमध्ये म्हणतात त्या गीताची चाल घ्यायची (आईच्या वेळी हेच होतं; मला काहीही झालं नव्हतं) आणि तिच्यावर कुप खाटकाच्या सॉसेजची यादी म्हणायची. शब्द गेले की रडणं गेलं. सिद्ध!
मंडळाचे बारा गायक तत्काळ तयार. एवढा उत्साह संशयास्पद. कुप म्हणाला, साहेब, माझ्या तराजूत खोट काढता, निदान यादीतून काही काढू नका.

९ फेब्रुवारी, सकाळ
आवाज उत्तम. अपोलोनिया म्हणते, अहो, तो लांब काळा कोट नका घालू, पाद्र्याचं सोंग वाटेल. हिला प्रसंगाचं गांभीर्यच नाही.

१० फेब्रुवारी
घडलं ते क्रमाने.
पिंपच होतं. टोपी घातली नाही, तर त्यालाच जास्त हसले. ‘संगीतात भावना नसते’ म्हणालो: ट्रम्पेट. शांतता राखा म्हणालो: ट्रम्पेट. परिच्छेदाचा क्रमांक सांगितला की पहिली रांग पोट धरून खाली. एकतीस वेळा थांबावं लागलं. मूर्ख!
मग यादी. रक्ताच्या सॉसेजपर्यंत गायक पोचले आणि चारशे माणसं एकमेकांच्या हातात हात अडकवून डोलायला लागली, गायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी. तंबाखूचा धूर.
घरी येताना अपोलोनिया म्हणाली, सासूबाईंच्या दफनाला सुद्धा तुम्ही रडला नव्हता.
दफनाला धूर नव्हता.

१६ फेब्रुवारी
मतदान झालं. काळी गोळी एकही नाही! अखेर शहराला कान आले.
संध्याकाळी सनद आली. ‘मंडळाचे सन्माननीय विदूषक.’ खाली त्सिमर्लेंच्या अक्षरात: पुढच्या वर्षीचं पिंप तुमच्यासाठी राखीव. परत पाठवणार. निषेधपत्राची सहा पानं झाली.

१८ फेब्रुवारी
पत्र टाकलं नाही. सनदेला चौकट करायला सुताराकडे गेलो. खालची पट्टी साडेचार सेंटीमीटर रुंद हवी, म्हटलं. तो म्हणाला, विदूषकाची ओळ झाकायचीय ना? होतो मी त्या रात्री, साहेब. फार दिवसांनी बायको हसली माझी.
माप घेताना सॉसेजची चाल गुणगुणत होता. तिसरी ओळ चुकला. मी बरोबर करून दाखवली. मग पुढचीही म्हटली. मग शेवटपर्यंत, आईच्या वेळच्या शब्दांसकट.
तो पट्टी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. रुमाल विसरलो होतो.
दुकानात भुसा फार होता.