बसून पाहिलेली स्टुलं

ताई,

दादा माझ्या समोरच्या स्टुलावर बसला आहे आणि उठत नाही, म्हणून नमस्काराला उशीर झाला. तो आता घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की त्यांनीच त्याला ठेवून घेतला आहे? आमचं बरं चाललं आहे. म्हणजे स्टुलं ठीक नाहीत, दादा ठीक नाही आणि तुझा मुलगा अगदी ठीक आहे, हीच अडचण आहे. (ही तक्रार नव्हे. तू आई आहेस. तक्रार करायची झाली तर शेवटी करीन, बारीक अक्षरात.) दादाला वाटतंय मी लाकूडवाल्याला पत्र लिहितो आहे. मधूनच तो म्हणतो, "लिही, ओलं लाकूड आमच्या गळ्यात मारू नका म्हणावं." मी मान डोलावतो आणि तुला लिहितो.

आपल्या कारखान्यात स्टूल कसं होतं ते तुला ठाऊक आहे. (तुझा मुलगा कारखान्याला युनिट म्हणतो, मिस्त्री शेड म्हणतो, मी हल्ली 'तिकडे' म्हणतो.) मिस्त्री पाय तासतो, बैठकीच्या भोकांत सरस घालून ते ठोकून बसवतो आणि संध्याकाळी दादा त्या स्टुलावर बसतो. दोन्ही पाय जमिनीवरून उचलतो, उजवीकडे कलतो, डावीकडे कलतो, मागे रेलतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "जाऊ दे." मग बैठकीच्या खाली बाबांनी छापून घेतलेली चिठ्ठी चिकटते: 'बसून पाहिलेले'. दुकानदार गिऱ्हाइकासमोर स्टूल उलटं करून ती चिठ्ठी दाखवतो. आपला धंदा त्या चिठ्ठीवर उभा आहे. म्हणजे दादावर. म्हणजे बसलेल्या दादावर.

तर गेल्या उन्हाळ्यापासून स्टुलं परत येऊ लागली. डुगडुगतात म्हणून. पहिली आली तेव्हा दादा म्हणाला, माझं बसणं कमी पडलं. तो जास्त वेळ बसू लागला. आणखी परत आली. मग तो बसल्या बसल्या चहा घेऊ लागला, मग पेपर वाचू लागला, मग पेपर वाचताना हसू आलं तर हसूनही घेऊ लागला, कारण हसताना माणूस हलतो आणि गिऱ्हाईकही कधीतरी हसणारच. इतकी कसून तपासणी कुठल्याच कारखान्यात होत नसेल. आणि इतकी स्टुलंही कुणाची परत येत नसतील. मिस्त्री लाकडाला दोष देई, लाकूडवाला हवेला, आणि हवा कुणाला दोष देत नसल्यामुळे विषय तिथेच संपे.

अशात तुझा मुलगा आला. आला त्याच दिवशी त्याने रंधा दाराकडे नेला आणि दार बंद करून त्याची भिंत केली. मिस्त्रीच्या एका फेरीत किती पावलं वाया जातात ते तो मोजू लागला. मिस्त्रीने त्याचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं, पण पावलं खरोखर कमी झाली आणि मिस्त्रीची पाठ दुखायची थांबली, हे मिस्त्री माझ्याजवळ कबूल करतो, त्याच्याजवळ नाही. मग मोजपट्टीने एक उद्योग केला. काही स्टुलं दादा यायच्या आधी ताडपत्रीखाली दडवली आणि न बसताच, चिठ्ठी मात्र चिकटवून, दुकानात पाठवली. ती परत आली नाहीत. एकही नाही.

त्याने मला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं. बाबांच्या वेळेपासून पाय खिळ्यांनी ठोकत. खिळा ठोकला की काम झालं, लगेच बसा, नाचा. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, खिळ्यांनी कपडे फाटतात म्हणून आपण सरस आणला. सरस वरून वाळतो. आतून वाळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो. दादा त्याच संध्याकाळी बसतो. उजवीकडे, डावीकडे, मागे. सांधा तेव्हाच सुटतो आणि दुकानात गेल्यावर दिसतो. "मामा," तो म्हणाला, "करायची पद्धत बदलली, तपासायची तीच राहिली." मी म्हटलं, दादाचं वजनही तेच राहिलेलं नाही. तो म्हणाला, ते मी बोलणार नव्हतो.

मला हे सगळं पटलं, आणि पटल्यापासून मला काही समजेनासं झालं आहे. दादा ज्यावर बसतो ते स्टूल बिघडतं, पण त्याच्यावरची चिठ्ठी खरी असते. ज्यावर बसत नाही ते चांगलं राहतं, पण चिठ्ठी खोटी ठरते. आपण विकतो काय? स्टूल की चिठ्ठी? मोजपट्टी म्हणतो, दादामामांनी दुसऱ्या दिवशी बसावं, एवढंच. पण तसं सांगायचं म्हणजे वर्षभर तू बसून बसून माल बिघडवलास हे सांगणं आलं. ते कोण सांगणार? मिस्त्री म्हणतो, मालक, मोठ्या मालकांना तुम्ही सांगा. वहिनी म्हणते, मी स्वयंपाकघर सांभाळते, मला त्या सांध्यांत ओढू नका.

आता वाचनालयाचं मोठं काम आलं आहे. दुकानदाराने स्वच्छ सांगितलं, यातलं एक जरी डुगडुगलं तरी मी माल दुसरीकडून घेणार. तेव्हा दादाला न सांगता बसण्यापासून थांबवायचं ठरलं. आधी आम्ही स्टुलं उलटी करून ठेवली. त्याने ती एकेक सुलटी केली आणि वर आम्हाला गबाळे म्हणाला. मग पॉलिश ओलं आहे असं सांगितलं. ते खरंच ओलं होतं. त्याचा विश्वास बसला नाही, तो बसला. वहिनीने त्या पँटकडे पाहिलं आणि म्हणाली, "यांना आता उन्हात वाळत घाला, चमक चांगली येईल." मग मी म्हटलं, डॉक्टर तुला उभं राहायला सांगतात. तो म्हणाला, "मला तर चालायला सांगितलंय. ते मी ऐकत नाही, तर तुझं उभं राहणं कशाला ऐकू?"

शेवटी मोजपट्टीने आज एक वाळूचं पोतं आणलं आणि काल केलेल्या, वाळलेल्या स्टुलावर ठेवलं. दादा आत आला, पोत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?"

मिस्त्री सरसाचं भांडं ढवळू लागला.

"केव्हापासून कामाला आहे?"

मोजपट्टी समजावू लागला, तेव्हा दादाने हात वर केला, आज दुपारी जोडलेल्या मालातलं एक स्टूल ओढलं आणि पोत्याशेजारी जाऊन बसला. तेव्हापासून दोघे बसले आहेत. पोतं हलत नाही. दादा हलतो. मला इथपर्यंत किरकिर ऐकू येते. बाबांनी त्याला चौथीतून काढून या कामाला बसवलं, अगदी शब्दशः बसवलं. दुसरं काम त्याला येत नाही. हे तुला मी लिहायला नको. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र मी केवळ खुशालीसाठी लिहिलेलं नाही. वाचनालयाचा माल जाईपर्यंत दादाला तिकडे बोलावून घे. काहीही कारण काढ. आजारी आहेस असं लिहिलंस तर फार आजारी पडू नकोस, नाहीतर तो सगळ्यांना घेऊन येईल.

आणखी एक. तो आला की तूच त्याला सरसाचं सांग. तू मोठी आहेस, तुझं तो ऐकतो. निदान तुझ्यावर ओरडत नाही.

आणखी एक, रात्रीच्या जेवणानंतर. नको, सांगू नकोस. मी विचार केला. म्हणजे विचार करून पाहिला. तूही करून पाहा आणि काही सापडलं तर मला कळव. (तक्रार लिहायची राहिली. तुझ्या मुलाला काही दिवस आणखी राहू दे, एवढीच आहे.)

सकाळी. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहितो. दादा भल्या सकाळी कारखान्यात आला, हातात बॅग. म्हणाला, "मी आलो की तुम्ही माल लपवता, ते मला दिसत नाही असं समजू नका. तुम्हाला तुमच्या कामाची लाज वाटते. चार दिवस ताईकडे जातो. मी नसताना हात बसेल तुमचा." तेव्हा तो पत्राच्या आधी पोचेल. बॅग त्याने मोजपट्टीच्या हातात दिली आणि निघण्यापूर्वी वाचनालयाच्या सगळ्या स्टुलांवर एकदा बसून घेतलं, काल दुपारच्यांवरही; त्यांचाही दुसरा दिवस उजाडला होता. उजवीकडे, डावीकडे, मागे. मिस्त्री माझ्याकडे बघत होता, मी मोजपट्टीकडे. मोजपट्टी शेवटच्या स्टुलापर्यंत बॅग धरून उभा राहिला. मग त्याने खाली बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. टेम्पो ठरल्याच्या आधीच, आज दहाला आला आणि माल घेऊन गेला.