मळी काढायचं मशीन

सोमवार, ३ नोव्हेंबर

मशीन म्हणे! फेस वर चढवायचा आणि वाटीत सोडायचा — एवढ्यासाठी मोटर, वायर, नळी आणि वर इंग्रजी पुस्तक! चाळीस वर्षं सिरसाळ्याच्या गुऱ्हाळावर मी हेच हातानं केलं. उसाचा रस उकळायला लागला की मळी वर येते, ती झाऱ्यानं ओढून काढायची. बस्स! त्यासाठी मला कुणी पुस्तक दिलं नव्हतं.

सायली, माझी सून, दातांची डॉक्टर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तिनं खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवली आहे. परळीत समुद्र! आत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. पेटीच्या मागं ते मशीन — स्किमर. दिवसभर गुरगुरतं. सकाळी त्याच्या वाटीतलं काळपट पाणी ती मला दाखवते. "बघा आबा, किती घाण निघाली!" तोंड असं, जणू सोनं निघालं. वास मात्र असा की मी नाश्ता तासभर उशिरा करतो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गुऱ्हाळ बंद पडून आठ महिने झाले. तेव्हापासून इथं. जेवण वेळेवर, बसायला गादी, काम शून्य. पाण्याचा तांब्या उचलला तरी — "आबा, राहू द्या, तुम्ही बसा." पाहुण्याशी बोलतात तसं. बसून बसून गादीला माझा खड्डा पडला आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सायली उद्या नागपूरला. दहा दिवस, कसलंसं नवीन शिकायला. माशांचं कोण बघणार? दवाखाना झाडणाऱ्या छबुबाईला सांगू, असं चाललं होतं. मी मध्येच बोललो — "मी बघतो की."

हरिओमनं बायकोकडं बघितलं. माझा मुलगा, पण बघितलं तिच्याकडंच. शेवटी ती हो म्हणाली. भिंतीवर कागद लावला, अकरा नियम. "पाणी उडून कमी झालं की गोडंच पाणी घालायचं आबा, मीठ उडत नाही." हे मला शिकवते! शेवटचा नियम लाल शाईनं — स्किमर बंद करायचं नाही.

"तुमच्यावर सोडून जातेय हां," म्हणाली. मला फार बरं वाटलं, आणि तितकीच धास्तीही वाटली. मासे मेले तर या घरात मला पुन्हा कुणी तांब्यालाही हात लावू देणार नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मासे जिवंत. मीही.

रविवार, ९ नोव्हेंबर

मशीन मेलं! मी काही केलं नाही, देवाशप्पथ! लाइट गेली, आली, आणि ते परत सुरूच झालं नाही. मोटर दुरुस्त करणारा सलीम आला. उलटंपालटं केलं, हुंगलं. "आबा, जळली बगा. ही सीलबंद हाय, खोलता येत न्हाई. पुण्याहून मागवावी लागंल."

"आन् तवर?"

"तवर मासे घेतील की सांभाळून!"

हा गेला नाही तोच सायलीचा फोन. "स्किमर चालू आहे ना आबा?"

"चालू हाय."

खोटं बोललो. छबुबाई फरशी पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. आगाऊ बाई!

सोमवार, १० नोव्हेंबर

मशीनशिवाय पहिला दिवस. काडीचा फरक नाही! उगाच कौतुक होतं त्याचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाण्यावर तवंग. झारा नाही म्हणून चहाच्या गाळणीनं ओढून काढला. हात अजून तसाच चालतो! गाळणी धुवायला बाजूला ठेवली होती. छबुबाईनं त्याच गाळणीनं चहा गाळला. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला. मी मात्र मुकाट्यानं सगळा प्यायलो. काय सांगणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी पाणी गढूळ दिसलं. मासे सुस्त. तेव्हा भेंडी आठवली. गुऱ्हाळावर आम्ही रानभेंडी ठेचून तिचा चिकट रस काहिलीत सोडायचो. तो सगळी मळी धरून वर आणतो, मग गूळ कसा पिवळाधमक! इथं रानभेंडी कुठली? बाजारातून भाजीची आणली. ठेचायला बसलो तर छबुबाई म्हणाली, "आबा, भेंडीत मासळी कोण घालतंय?"

"औशिद हाय. तू तुजं झाड."

तांब्याभर रस पेटीत ओतला. मळी आली नाही. पाणीच बुळबुळीत झालं! उसाचा रस उकळता असतो आणि हे पाणी गार, हा विचार मला त्यानंतर सुचला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मी पेटीसमोर उभा, हातात रिकामा तांब्या.

तेवढ्यात सलीम दारात — "आली बगा मोटर!" देवासारखा आला. मोटर बसवली, बटण दाबलं. आणि —

फेस! नळीतून फेस, वाटीतून फेस, झाकण उडून थेट खुर्च्यांखाली! भिंतीवरचे अकरा नियम ओले होऊन खाली आले. सलीमची एक चप्पल फेसात दिसेनाशी झाली. "बंद करा आबा, बंद करा!"

पण मी वाकून बघितलं. काळी, दाट, अस्सल मळी! "वर आली!" मी ओरडलो. "मळी वर आली! करू नका बंद!" आणि भाताच्या चाळणीनं फेस ओढायला लागलो. दोन तास. छबुबाईनं काय मदत केली? मोबाइलवर व्हिडिओ काढला!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

फेस बसला. बादलीत मीठ कालवून, सायलीच्या खारटपणा मोजायच्या नळकांड्याला डोळा लावून, मोजून, थोडं थोडं पाणी बदललं. मासे तळाशी बसून आहेत. दाणे टाकले, ढुंकून बघितलं नाही. मलाही भाकरी गेली नाही. मेल्यांनो, जगा रे. मी हात जोडतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बारक्यानं दाणा धरला! थोरल्यानं लगेच त्याच्या तोंडचा पळवला. म्हणजे दोघं बरे आहेत! मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो.

छबुबाईनं तो व्हिडिओ तिच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवला म्हणे. सायलीला तेवढा पाठवला नाही. देवाची कृपा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सायली आली. पेटीजवळ वाकली. "किती स्वच्छ ठेवलंय आबा!" गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला राहवलं नाही. तिची बॅग खांद्यावर असतानाच सगळं सांगून टाकलं — मोटर, गाळणी, भेंडी.

ती लालबुंद झाली. "भेंडी? आबा, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? आन् रोज फोनवर चालू हाय, चालू हाय! खोटं कावून बोलला?" एवढी शिकलेली, पण रागात आमच्याच भाषेवर आली.

हरिओम म्हणाला, "अगं, हळू. आबा आहेत."

"आबा हायेत म्हणूनच बोलतेय! परक्याला बोलले असते का?" मग माझ्याकडं वळली. "आता दर शनिवारी पाणी तुमीच बदलायचं. काम तुमचं. चुकलात तर परत बोलणार."

आठ महिन्यांत पहिल्यांदा या घरात मला कुणी मनापासून झापलं. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

फोन आला. लिंबागणेशकडचा माणूस, नवं गुऱ्हाळ टाकतोय, बिनकेमिकलचा गूळ. भेंडी जाणणारा गुळव्या कुठं मिळेना, आणि त्यानं कुणाच्या तरी मोबाइलवर माझा तो व्हिडिओ बघितला. "आबा, तुमीच पायजेल. उद्या सकाळी गाडी पाठवतो."

"उद्या शनिवार हाय," मी म्हणालो. "जमायचं न्हाई."

फोन ठेवला, उद्याच्या पाण्यासाठी बादलीत मीठ कालवायला बसलो, आणि मग ध्यानात आलं — मी गुऱ्हाळाला नाही म्हणालो.