सोफ्याची स्प्रिंग आणि माझी पशुवैद्यकी

४ फेब्रुवारी

नंबर लागला! पशुवैद्यकीला! धावत आईच्या गाडीवर गेले. ती एका गिऱ्हाईकाला काढा ओतत होती. मी सांगितलं — ती ओततच राहिली. पेला भरून वाहिला, गिऱ्हाईकाचा हात भाजला, बोंबाबोंब. मग आईनं विचारलं, "फी किती?"

सांगितली. "बरं," म्हणाली आणि गाडी पुसायला लागली. गाडी स्वच्छच होती.

५ फेब्रुवारी

शिष्यवृत्ती आहे! पाचही वर्षांची फी. अट एकच — घर गरीब असल्याचा नगरपालिकेचा दाखला. मला हसूच आलं. ही परीक्षा तर आम्ही अभ्यास न करता पास! पत्र्याच्या भिंती, मातीची जमीन, पाणी टँकरचं. बाबा गेल्यापासून कमावणारी एकटी आई. पुढच्या मंगळवारी त्यांचा माणूस घर बघायला येणार आहे.

१० फेब्रुवारी

आईचं डोकं फिरलंय.

ग्रिमाल्दा मावशीचा सोफा समोरच्या घरातून आमच्याकडे आलाय. प्लॅस्टिकच्या कव्हरासकट. विल्डर मामाचा टीव्ही आलाय, भिंतीएवढा. कुणाचा तरी फ्रिजसुद्धा! मी ओरडले, "आई, आपल्याला गरीब दिसायचंय!"

"गरीब आहोत म्हणून दिसायचं कशाला?" म्हणाली. "घरी साहेब येणार आणि त्यांना बाकड्यावर बसवू? तुझ्या बाबांनी असं कुणाला बसवलं होतं का कधी?"

बाबांचं नाव निघालं की माझं तोंड बंद. तिला ते पक्कं ठाऊक आहे.

११ फेब्रुवारी

साहेब येऊन गेले. सेन्योर ताफुर. बारीक, घामाघूम, पायऱ्या चढून दम लागलेले. आईनं त्यांना सोफ्यावर बसवलं — बरोबर मोडक्या स्प्रिंगवर! साहेब उडालेच. मग दुसऱ्या टोकाला सरकून बसले.

"टीव्ही तुमचाच का, सेन्योरा निल्दा?"

"मग काय शेजारचा?" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

मी खुणा करून दमले. जेवायला तळलेला गिनीपिग — आमच्याकडे खास पाहुण्यांसाठीच करतात. साहेबांनी बोटं चाटली, पुन्हा मागून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं — परसातल्या गिनीपिगांत टुटू दिसत नाहीये. टुटू माझा पहिला पेशंट! महिनाभर औषध घालून त्याचा डोळा बरा केला होता मी. "आता तब्येतीनं चांगला झाला होता ना," आई म्हणाली.

२४ फेब्रुवारी

दाखला आला. "गरीब नाही."

मी दिवसभर आईशी बोलले नाही. ती पण बोलली नाही. संध्याकाळी सोफा परत नेताना दाराच्या चौकटीत अडकला, तेव्हा मात्र बोलावंच लागलं.

२६ फेब्रुवारी

हद्द झाली. ताफुर साहेब रोज सकाळी आईच्या गाडीवर काढा प्यायला येतात म्हणे! नगरपालिका खाली चौकात, गाडी इथे वर. "पोटाला बरा पडतो," म्हणाले. माझं वाटोळं करून यांचं पोट बरं होतंय.

१ मार्च

विद्यापीठात जागा राखायला आधी थोडे पैसे भरायचेत. शेवटची तारीख चौदा. म्हणून ठरलं — पोयादा! ग्रिमाल्दा मावशीच्या अंगणात. आमच्या वस्तीत कुणाचं ऑपरेशन असो, छप्पर असो, कोंबडी तळून तिकिटं विकल्याशिवाय काही होत नाही. आई आजवर प्रत्येकाच्या पोयादाला गेली आहे, नावडत्यांच्यासुद्धा. आता सगळ्यांनी यायचं.

ऐंशी कोंबड्या लागतील. जनावरांची डॉक्टर होण्यासाठी! विल्डर मामा म्हणतो, "अगं, तेवढ्यांनी तरी तुझ्या हातून सुटका करून घेतली."

४ मार्च

आईनं ताफुर साहेबांना तिकिटं विकली. चार! एकटा जीव, चार कोंबड्या कशाला? आई म्हणते, "मी आग्रह नाही केला." पण सांगताना केस सारखे करत होती.

८ मार्च

पोयादा झाला. अंगाला अजून मिरचीचा वास येतोय. झोप येत नाही म्हणून लिहितेय.

गर्दी तोबा! बटाटे संपले, बिअर दोनदा आणली, कर्ण्यांनी टेकडी हादरवली. तेवढ्यात ताफुर साहेब आले. इस्त्रीचा शर्ट. ग्रिमाल्दा मावशीनं कौतुकानं आपला सोफा अंगणात काढला होता. "या साहेब, बसा!" आईच्या हातात चिमटा होता, ती तशीच उभी राहिली.

साहेब बसले. आणि उडाले. तीच स्प्रिंग!

ते वाकून सोफ्याकडे बघत राहिले. एवढ्यात विल्डर मामा शेजारी येऊन टेकला — बिअर भरपूर चढलेली — आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "या सोफ्याची गंमत सांगू का, दादा? आमच्या निल्दानं याच्यावर एका सरकारी माणसाला बसवलं! टीव्ही माझा, फ्रिज बेकरीवाल्याचा! तो बावळट लिहून गेला ना की ही बाई सुखवस्तू आहे!"

मला वाटलं जमीन फाटावी. साहेब उठले, सरळ आईपाशी गेले. कर्ण्यात एवढं काही ऐकू येईना. मी जवळ सरकले. ते म्हणत होते, "सेन्योरा, गिनीपिग तरी तुमचाच होता ना?"

"तो माझा," मी म्हणाले. आणि कशी कोण जाणे, तिथेच रडायला लागले.

११ मार्च

जागेचे पैसे भरले! पण पुढची फी? पाच वर्षं दर महिन्याला पोयादा घातला तर वस्तीत कोंबडी उरायची नाही.

संध्याकाळी ताफुर साहेब आले. फेरतपासणी होईल. "पण मी येणार नाही," म्हणाले. "दुसऱ्या बाई येतील. मला आता... निःपक्षपाती राहता येणार नाही." आईकडे बघत म्हणाले. मग हात जोडले, "कृपा करून काहीही आणू नका. काहीही रांधू नका."

१८ मार्च

बाई आल्या. बाकड्यावर बसल्या. आईनं भरतकामाचा टेबलक्लॉथ काढला होता, तो मी वेळेवर पत्र्यामागे कोंबला. बाई गेल्यावर आई बराच वेळ बाकडं पुसत होती. "फार उघडं वाटलं गं," म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडले. तिला किती लागत होतं, ते मला आजवर कळलंच नव्हतं.

२८ मार्च

गरीब! आम्ही गरीब! शिक्क्यासकट! शिष्यवृत्ती मिळाली!

आई वस्तीभर सांगत फिरतेय की ती हुशारीची शिष्यवृत्ती आहे.

३ एप्रिल

ताफुर साहेबांनी आज आईला लग्नाचं विचारलं. बाकड्यावर बसून. आणि नियम स्वतःच सांगितला — त्यांचा पगार या घरात मोजला गेला, तर माझी शिष्यवृत्ती बंद.

आईनं मला विचारलं, "किती वर्षांचं आहे गं तुझं?"

"पाच."

"पाच," आई त्यांना म्हणाली.

"थांबतो," म्हणाले.

आता मला एकही वर्ष नापास होता येणार नाही.