डोलकाठीचे चार बोल्ट

१९ नोव्हें. ८८, शनि.
आज पाना लावला. डोलकाठीच्या बुडाचे चारही बोल्ट जाम. नोकरी सोडून बांधलेली होडी दोन वर्षं अंगणात उभी, भडगावात, समुद्रापासून इतक्या लांब, आणि हा गंज! जहाजावर पंधरा वर्षं गंजच खरवडला, पण इतका घाणेरडा पाहिला नव्हता. पापुद्रे सुटतात, हाताला तांबडा चिखल लागतो.
सोमवारी २८ला कापसाचा ट्रक रिकामा धरणाकडे जातोय. ड्रायव्हर होडी न्यायला तयार, पण काठी उभी ठेवून नाही, वर विजेच्या तारा. म्हणजे काठी उतरली तर होडी पाण्यात. नाहीतर इथंच, कोंबड्यांचं खुराडं.

२० रवि.
रॉकेल ओतलं. सौ. चिडली, रेशनचं म्हणून. शिवाय काठी गेल्यावर कपड्यांची दोरी कुठं बांधायची? शिडाच्या जागी दोन वर्षं तिचे परकर वाळतायत. शिसारी येते.
बोल्ट तसेच.

२२ मंगळ.
शेजारचे नाना आले, ट्रॅक्टरवाले. कोणी बोलावलं नव्हतं. "सरक बाजूले." छिन्नी लावून हातोडा घातला. एका नटाचे कोपरे पार गोल. "आते फिरी," म्हणे. काय फिरी? पाना धरायला जागाच ठेवली नाही. वर चहा पिऊन जाताना: "नदीवर पूल शे, मंग नाव कसाले?"
ह्या गावात कुणाला काही सांगायची सोय नाही.

२४ गुरु.
गंज खरवडायला वाकलो तर काठीच्या मागं बोल्टांवर पुरचुंडी. चिंधी, काळा दोरा. ओलीकच्च, चिकट. आधी वाटलं उंदीर मरून पडलाय. सोडली. खडेमीठ, मोहरी, मिरच्या. तिच्याखाली आणखी जुन्या, कुजलेल्या. दोन पावसाळे त्यांतलं सगळं पाझरत बोल्टांत.
मायला विचारलं.
"बठ्ठं गाव देखाले येस. नजर नको लागाले."
दर अमावास्येला नवी बांधते म्हणे. दृष्टीचं मीठ लोक उतरवून चुलीत टाकतात. हिनं ते बांधून ठेवलं. मी जहाजावर रोज गोड्या पाण्यानं मीठ धुवायचो, आणि घरात माझी मायच...
न जेवता उठलो.

२५ शुक्र.
आज मायला शांतपणे समजावलं. मीठ लोखंडाला खातं, त्यानंच बोल्ट धरले. ती शेंगा सोलत ऐकत होती.
"मंग काठी निंघाव नही?"
"नाही निघाली तर नाही."
"मंग नाव आठेच ऱ्हाई?"
मी मान हलवली, इथंच.
"मंग बरं व्हयनं."
बरं झालं म्हणे! आणि सोलत राहिली. सुट्टी संपली की दरवेळी फाटकापर्यंत यायची, पिशवी हातात द्यायची. जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही. पंधरा वर्षांत नाही. आणि आता असं.
राग येतो. तिची कीव येते, मग त्या कीवेचाही राग येतो.

२७ रवि.
तीन निघाले. तापव, गार कर, पुन्हा तापव, असं दोन दिवस. दोनांचे आटेच उरले नव्हते, नुसता भुगा. चौथा नानांनी गोल केलेला, तो हलत नाही. सौ. नं आज न मागता रॉकेलचा डबा पुढं केला, तेवढंच. करवत चालवायला जागा नाही. ट्रक उद्या सकाळी.
संध्याकाळी पुन्हा गेलो तर चौथ्या बोल्टाला नवी पुरचुंडी. कोरं फडकं, मीठ अजून कोरडं. अमावास्या नाही, काही नाही. माय ओट्यावर बसलेली, रस्त्याकडे तोंड करून.
दोरा सोडायला हात घातला. नाही सोडला. पुरचुंडीवरूनच रॉकेल ओतलं.
दोनदा साबण लावला, हाताचा वास जात नाही.