ए-एकवीस

बाबा, परवा जठारपेठेतलं घर आवरताना तुमच्या रणगाड्याचं खोकं सापडलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण खोक्यावरची तुमची टेप अजून जागची हललेली नव्हती. आत सूचनांचा कागद होता आणि त्याच्या घडीत बोटभर चिठ्ठी. त्या चिठ्ठीपायी हे लिहायला बसले आहे. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही.

माझी दहावीची परीक्षा संपलेली. कूलर घरघरतोय, आणि मूर्तिजापूरची ड्यूटी करून आलेले तुम्ही आंघोळ उरकून स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरताय. तुमच्या मित्राच्या भावाने परदेशातून आणलेला तो सुटे तुकडे जोडून बनवायचा प्लास्टिकचा रणगाडा. सगळे तुकडे चौकटींना चिकटून आलेले, चौकटींना ए, बी, सी अशी अक्षरं, आणि वैताग असा की प्रत्येक चौकटीत आकडे पुन्हा एकपासून सुरू. ए-एकवीस आणि बी-एकवीस तर दिसायला सख्खे भाऊ. म्हणून तुमचा नियम होता, एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने तोच नंबर मोठ्याने म्हणायचा आणि मगच कापायचं. सिग्नलच्या कामात आम्ही असंच करतो, असं तुम्ही सांगायचात, आणि मला रेल्वेत भरती झाल्यासारखं वाटायचं. तुम्ही वाचलंत, "ए-एकवीस." मी म्हटलं, "ए-एकवीस." कापलं, चिकटवलं. चाकं धरणारे दांडे होते ते. सुकल्यावर रणगाडा डावीकडे कलला, उजवीकडची चाकं जमिनीला टेकेनात.

"दुसऱ्याच चौकटीतून कापलं असशीन तू," तुम्ही म्हणालात.

"नाही बाबा, ए-च होती."

"मंग हे वाकडं कावून झालं? तुले नंबर धड पाहता येत नाही."

तो लंगडा रणगाडा तुम्ही शोकेसमध्ये ठेवलात. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचात, "हे आमच्या लेकीचं काम. नंबर समजत नाही अन् म्हणते मशिनीचं शिकाचं हाय." लोक हसायचे, मीही हसायचे. मला अमरावतीच्या पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करायचं होतं. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तुम्ही नुसतं शोकेसकडे पाहिलंत, आणि मी मुकाट्याने कॉमर्सचा फॉर्म आणला. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आले. मला पटलंच होतं ना, की मी वेंधळी आहे.

चिठ्ठी इंग्रजीत आहे, कंपनीने छापलेली. सातव्या पायरीत चुकून ए-एकवीस छापलं आहे, तिथे बी-एकवीस वाचावे. त्याखाली तुमच्या लाल पेन्सिलीची दुहेरी रेघ आणि तुमच्या अक्षरात तारीख. तारखेशिवाय तुम्ही कुठलाच कागद ठेवायचा नाहीत. रणगाडा कलला त्याच्या तिसऱ्या दिवसाची तारीख आहे, बाबा. फॉर्म भरायला अजून महिना होता.

मी आईला चिठ्ठी दाखवली. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मले माईत हाय. दाखवली होती त्यायनं. म्हणे, आता पोरीसमोर कोन्या तोंडानं सांगू?"

"अन् तू?"

"तुमच्या बापलेकीच्या मधात मी कायले बोलू?"

तुम्ही चुकला नव्हतात, तेच मला सहन होत नाही. कागद चुकला होता. तुम्ही बरोबर वाचलं, मी बरोबर कापलं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आपण दोघं मिळून त्या कंपनीला शिव्या घातल्या असत्या. त्याऐवजी तुम्ही चिठ्ठी घडीत ठेवलीत, वर टेप लावलीत आणि पाहुण्यांसमोर माझं हसं करत राहिलात. बापाने असं करू नये. तुमचा फार राग येतो आहे मला. आज अमरावतीच्या ऑफिसात कुठलीही यादी चुकली की कागद पाहायच्या आधी मी "माझंच चुकलं असेल" म्हणून मोकळी होते.

तरी एक सांगते. ही चिठ्ठी तुम्ही असताना सापडली असती, तर मी ती होती तशी परत ठेवली असती. चारचौघांत तुम्ही खोटे पडलेले मला बघवलं नसतं.