ड्रॅगनचा घसा

३ मार्च
कार्टून मालिकेच्या डबिंगमध्ये ड्रॅगनचं काम मिळालं. आजवर नुसते ओरडणारे पहारेकरी केले, आता बढती. शेवटच्या भागात दोन राजकन्या एकमेकींशी लग्न करतात आणि ते लावून देतो म्हातारा ड्रॅगन, म्हणजे मी. मला यात काहीच वाटत नाही. मी पहिल्यापासून पुढारलेला. काळजी घरच्यांची. ही साधी, आमची चिमी साधी, आणि चिमीची रूममेट तर त्याहून साधी. एपिसोड लागायच्या आत तिघींची मानसिक तयारी करून घ्यायची.

५ मार्च
संकल्प: रेकॉर्डिंगपर्यंत मौन. घसा हेच आपलं भांडवल. सकाळी चिमीचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, महत्त्वाचं बोलायचंय. गळ्याकडे बोट दाखवलं. बिचारी गप्प बसली. समजूतदारपणात माझ्यावर गेलीय.
दुपारी शेजाऱ्यांना मौनाचे फायदे समजावले. तासभर गेला.

९ मार्च
चिमीच्या फ्लॅटवर. दोघींनी मिळून एकच मोठा पलंग घेतलाय. काटकसर याला म्हणतात. अंगठ्याही सारख्याच. दोन घेतल्यावर सूट असणार.
रूममेटने न विचारता बिनसाखरेचा चहा आणून दिला. चिमी पुन्हा म्हणाली, बाबा, ऐक ना. पुन्हा गळ्याकडे बोट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या कष्टांची जाणीव आहे पोरीला.

१२ मार्च
रेकॉर्डिंग. डबिंगमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळा घेतात, त्यामुळे राजकन्यांचा पत्ताच नाही. बंद खोलीत मी आणि माईक. वाक्य सोपं: पोरींनो, सुखी राहा, तुमच्या घरावर माझे पंख आहेत. रेकॉर्डिस्ट म्हणाला, कोरडं वाटतंय, कुणालातरी डोळ्यांसमोर आणा. चिमीला आणलं. वाक्य अर्ध्यातच अडकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. रेकॉर्डिस्ट टिश्यू घेऊन आला. त्याला बजावून सांगितलं की एसीने घसा धरतो. शेवटी त्याने तुकडे जोडून वाक्य पुरं केलं.

१८ मार्च
मानसिक तयारी राहूनच गेली. आता एपिसोडच्या आधी छोटंसं भाषण करायचं ठरवलं. हिला वाचून दाखवायला गेलो तर म्हणाली, अहो, ते राहू द्या, आधी चिमीचं काय ते ऐकून घ्या. हिला नवे विचार झेपत नाहीत.

२४ मार्च, संध्याकाळ
तिघींना सोफ्यावर बसवलं. रूममेटला मधे, धक्का बसला तर दोन्हीकडून आधार. भाषण सुरू केलं की समाज बदलतोय, घाबरून जायचं कारण नाही. ही म्हणाली, बाजूला व्हा, टीव्ही दिसत नाहीये.
राजकन्यांचं लग्न लागलं. मी तिघींचे चेहरे न्याहाळत होतो. धक्का कुणालाच बसेना. चिमीने रूममेटचा हात घट्ट धरला होता. मग तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, बाबा, आम्हीपण लग्न करतोय. आईला केव्हाच माहितीये. तुला किती दिवस सांगतेय.
मी म्हटलं, मला कल्पना होतीच.
मग रूममेट म्हणाली, काका, ते पंखांचं वाक्य आमच्या लग्नात तुम्हीच म्हणा ना. चिमी खाली मान घालून बसली होती. मी काय म्हणतो याची पोरीला भीती वाटत होती. माझी, भीती.
म्हटलं, आत्ताच ऐकवतो, एका टेकमध्ये. उभा राहिलो, खाकरलो. 'पोरींनो' एवढं म्हणालो. पुढे आवाजच फुटेना. चिमीने उठून मिठी मारली.
आमच्या घरात एसी नाही.